आपल्या बोडीतला मरळ

आईला एखादी गोष्ट नको असली की ती नाही म्हणत नाही, अट घालते. शेजारणीने भिशीत नाव टाकू का म्हणून विचारलं, तेव्हा वैनगंगा आटली की टाक, असं तिने सांगितलं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं त्या काळात एका मध्यस्थाला ती म्हणाली, पोराला पोहता येत असलं तरच घेऊन या. पोरगा बँकेत होता. मध्यस्थ चहा पिऊन गेला तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. माझं लग्न झालं नाही त्याला एकटी आईच कारण आहे असं नाही, पण तिचा हातभार मोठा आहे.

त्यामुळे चैत्राच्या शेवटी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आपल्या बोडीतला मरळ असन तं खाइन," तेव्हा मला तिचं म्हणणं बरोबर कळलं. ती जेवणार नव्हती.

आमची बोडी पाण्याखाली आहे. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, धानाला पाणी मिळावं म्हणून मातीची पाळ घालून अडवलेलं. गोसीखुर्दचं धरण भरत गेलं तसं आमचं जुनं गाव गेलं, गावासोबत शेत गेलं, शेतासोबत बोडी गेली. आम्ही पवनीच्या बाजूला नव्या वस्तीत आलो. तिला सरकारी कागदावर नाव आहे, पण सगळे नुसतं पुनर्वसन म्हणतात. त्याला आता इतका काळ झाला की इथे आल्यावर लावलेल्या आंब्यालाही भरपूर कैऱ्या धरतात. तेव्हा त्या बोडीतला मासा मागणं म्हणजे नदी आटायची वाट बघण्यातलाच प्रकार होता.

बाबा माघात गेले. न्हाणीत आंघोळीचं पाणी काढून ठेवलं, उंबऱ्यावर टेकले आणि उठलेच नाहीत. मी आतून ओरडत होते की पाणी निवून राहिलं म्हणून. तेव्हापासून मी बधिर आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही. दुःख झालं असं मला म्हणवत नाही, कारण दुःख मला ठाऊक आहे, गाव सुटलं तेव्हा झालं होतं, आणि हे ते नव्हतं. तेरवी झाली. मी राईस मिलच्या ऑफिसात पुन्हा कामावर गेले. लोक येऊन कसं झालं, काय झालं विचारायचे, मी सांगायचे, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात यायचं की धानाचा भाव सांगावा तसं मी हे सांगते आहे. एकदा पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो शेजारणीने माझ्या पावलाचं रक्त फरशीवर बघून दाखवून दिला. मी रडले नाही. आईही रडली नाही. दोन खाटांवर दोघी पंख्याकडे बघत पडलेल्या असायचो. भांडण नाही, रडारड नाही, टीव्हीसुद्धा नाही. आमच्याइतकं शहाणं घर त्या वस्तीत दुसरं नसेल.

फरक एवढाच होता की मी जेवत होते. चव लागत नव्हती, पण समोर आलं की गिळायचे. आईने आधी भात सोडला, मग पोळी, मग वरणाचं पाणीही. चहा तेवढा घ्यायची. पवनीच्या डॉक्टरांनी तपासलं. भंडाऱ्याला नेऊन सलाईन लावून आणलं, थोडे दिवस गेले, पुन्हा नेलं. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रोग म्हणावा असा काही नाही. पण पोटात अन्न गेलं नाही तर पावसाळा निघणार नाही." मी बरं म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले, बहुधा माझा पदर डोळ्याला लागायची वाट बघत असावेत. बाहेर रांग होती, म्हणून मी उठले.

मरळाची अट आली तेव्हा मी आधी सोपा मार्ग धरला. पवनीच्या बाजारात घमेल्यात पाणी घालून जिवंत मरळ विकायला ठेवतात. आमच्याकडे बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मरळाचं कालवण देतात, त्याने अंगात ताकद भरते म्हणतात. मी एक चांगला जाडजूड मरळ आणला, लसूण आणि कैरी घालून रांधला आणि ताट तिच्या खाटेवर ठेवलं.

"बोडीतलाच हाये, माय," मी म्हटलं.

तिने एक फोड उचलली, उलटी करून कातडं पाहिलं आणि परत ठेवली. "आपल्या बोडीतले काळेभोर राहत. हा पाळलेला हाये. पिवळा पडला." तिने ताट सरकवलं आणि भिंतीकडे वळली.

मला राग आला. बाबा गेल्यापासून मला आतून काही झालं असेल तर तो हा राग. नाही जेवायचं तर नाही म्हण, मेलेल्या तळ्यातला मासा कशाला मागतेस, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण मी बापाची मुलगी जितकी आहे तितकीच तिचीही आहे. "बरं," मी म्हटलं, "आनते."

रविवारी सकाळी मी जुन्या रस्त्याने गेले. हा डांबरी रस्ता वस्तीच्या मागून निघतो, शेतांमधून जातो आणि काही न बोलता पाण्यात शिरतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं तसा तो थोडा थोडा बाहेर येतो. मी पाण्याच्या काठापर्यंत गेले. समोर वाळलेली झाडं उभी होती, मोह, आंबे, काही नुसते खुंट. आणि त्यांच्या पलीकडे, बसलेल्या म्हशीची पाठ दिसावी तशी, आमच्या बोडीची पाळ पाण्यातून वर आलेली होती. पाळेच्या आतल्या अंगाला शेवाळ आणि पाणवेलींचा गच्च थर होता. मरळाला ह्याहून चांगली जागा कोणी बांधून दिली नसती. जवळच एक माणूस जाळं वाळत घालत होता. तिकडे जाता का म्हणून मी विचारलं. "नाई बाई. खुंटाईनं जाळं फाटते. तिकडं कोनीच जात नाई."

म्हणजे तिथे मासा होता. बोडीचं पाणी आणि धरणाचं पाणी आता एकच झालं आहे हे मलाही कळत होतं. पण आईने जागा सांगितली होती, पाणी कोणतं ते विचारलं नव्हतं.

बाबा ह्याच बोडीत मरळ धरायचे. त्यांची काठी बांबूची होती, त्यांच्या उंचीच्या दुपटीहून लांब. टोकाला आखूड जाड दोरी, दोरीला गरी, गरीला जिवंत बेडूक. बेडूक पकडून देणं हे माझं काम. बाबा पाळेवर उकिडवे बसून बेडूक पाण्यावर टुकटुक नाचवायचे, बुडू द्यायचे नाहीत. मरळ खालून येतो आणि पाणी फुटतं, असा आवाज होतो की पहिल्यांदा ऐकणारा मागे पडतो. त्या क्षणी बाबा काही करायचे नाहीत. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात न्यायचे, बाजूला थुंकायचे आणि मग काठी सरळ वर उचलायचे. मासा दोरीला लटकत पाळेवर यायचा. खर्रा थुंकायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ मरळाला बेडूक नीट तोंडात घ्यायला लागतो. लवकर ओढलं तर नुसता बेडूक परत येतो.

ती काठी घरामागे पडून होती. मी ती घेऊन गेले, पण रस्त्याच्या टोकापासून पाळ कितीतरी लांब होती. मध्ये चिखल आणि त्याच्यापुढे छातीभर पाणी. बांबू कितीही लांब असला तरी तिथे पोचत नव्हता. आता फेकायची गरी हवी होती, म्हणजे रॉड आणि रील. आणि जिवंत बेडकाला गरी टोचणं मला लहानपणीही जमलं नव्हतं, म्हणून रबरी बेडूक.

मी भिवापूरवरून नागपूरला गेले. दुकानातल्या पोराने माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊजींसाठी का?"

"भाऊजी नाहीत," मी म्हटलं. "मरळासाठी."

तो हसला आणि मग बोलायला लागला ते थांबेना. पाण्यावर चालणारा बेडूक त्याने दाखवला, आतून पोकळ, पाठीला चिकटून दोन आकडे, म्हणजे वेलीत अडकत नाही, माशाने दाबला की आकडे उघडे पडतात. ते मला पटलं. मग रील. एका रीलचं हँडल एकदा फिरवलं की दोरा गुंडाळणारी चकरी पाच वेळा फिरते, दुसऱ्याचं एकदा फिरवलं की सात वेळा. एक हळू, एक जलद. आणि रॉड साडेपाच फुटांपासून आठ फुटांपर्यंत. तो म्हणाला, "मॅडम, पाण्यावरच्या बेडकाला फास्ट रील घ्या, रॉड मीडियम घ्या."

मी त्याचं ऐकलं नाही. माझा हिशोब साधा होता. बेडूक हळू चालतो, तेव्हा रील हळू हवी. बाबांची काठी लांब होती, तेव्हा रॉड लांब हवा. जिने बापाला बांबूने मरळ काढताना बघितलं आहे अशी आमच्याकडची कोणीही बाई हाच हिशोब करील. मी आठ फुटांचा रॉड आणि पाचाची रील घेतली. पोराने खांदे उडवले.

सराव मी वस्तीतल्या रस्त्यावर केला. बेडूक समोरच्या विजेच्या खांबापर्यंत फेकायचा आणि डांबरावरून ओढत आणायचा. लोक उभे राहून बघायचे. एक म्हातारा रोज सायकल थांबवून विचारायचा, "बाई, रोडवर मासे आले का?" मी म्हणायचे, तुम्ही सायकल बाजूला घ्या, मग येतील. आई दाराशी ओढलेल्या खाटेवरून बघायची. खाटेवरून उठायला तिला आता माझा खांदा लागत होता, पण एक दिवस ती आपणहून म्हणाली, "तुह्या बाबाची काठी अशी लवत नव्हती." बऱ्याच दिवसांत तिने बाबांचं नाव काढलं नव्हतं. मी तिच्याकडे वळून बघितलं, तोवर ती डोळे मिटून पडली होती.

पहाटे उठायचं, आईला चहा द्यायचा, पाण्यावर जायचं आणि तिथून मिलमध्ये, असं सुरू झालं. पाण्यावर गेल्यावर माझा हिशोब कोसळायला लागला. रस्त्याचं टोक पाण्याला जवळजवळ लागून आहे आणि मागे बेशरमाची दाट झाडी. आठ फुटांचा रॉड फेकायला मागे नेला की टोक बेशरमात गुंतायचं. पुढे बेडूक नाचवायचा तर रॉडचं टोक खाली धरून झटके द्यावे लागतात, आणि मी बाबांच्या खांद्यालाही लागत नव्हते, त्यामुळे टोक पाण्यात आपटायचं. बेडूक नाचण्याऐवजी माझा रॉडच नाचत होता. तरी लांब फेकला जायचा, हे खरं. वेलींवरून दोरा उचलून धरायलाही लांब रॉड बरा.

एका सकाळी पाणी फुटलं. बेडूक पाळेच्या अगदी काठाला होता. मी दचकले नाही. ह्या बधिरपणाचा एक फायदा असा होता की पाणी फुटल्यावर माणसं हिसका मारतात तसा मी मारला नाही. मी खर्रा खात नाही, पण खर्रा थुंकायला जितका वेळ लागतो तितकं थांबायला मला काहीच अडचण नव्हती. मला कसलीच घाई नव्हती. मग मी रॉड वर उचलला, बाबांसारखा, सरळ आकाशाकडे.

काही झालं नाही. माझ्या आणि माशाच्या मध्ये वेलींवर लोळत पडलेला लांबच लांब ढिला दोरा होता. रॉड वर गेला, दोरा तेवढा वर आला, पुढचा तसाच ढिला. मी हँडल फिरवायला लागले. फिरवते आहे, फिरवते आहे, आणि चकरी आपली सावकाश, बैलगाडीच्या चाकासारखी. दोरा ताणला गेला तोवर मरळ एका खुंटाभोवती फिरून गेला होता. जरा वेळ खुंट ओढला आणि मग दोरा तुटून हातात आला.

तिथेच बसून मला समजलं. बाबांच्या दोरीला ढील नव्हतीच, काठीच्या टोकापासून बेडूक हातभर अंतरावर असायचा. त्यांची काठी लांब होती कारण तिलाच पोचायचं होतं आणि तिलाच उचलायचं होतं. माझं पोचायचं काम फेकीने होतं आणि ढील गोळा करायचं काम रीलचं होतं. हळू चालवणं हाताने होतं, हँडल हळू फिरवलं की झालं. पण एका क्षणात सगळा दोरा गोळा करायचा तर हात कितीही पळवला तरी हळू रील पळत नाही. आणि रॉड माझ्या उंचीच्या मानाने हवा, बाबांच्या नाही. हे सगळं दुकानातलं पोरगं दोन वाक्यांत म्हणालं होतं. मला ते एक मरळ घालवल्यावर पटलं.

नागपूरला पुन्हा गेले. पोराने कुरकुर करत बदलून दिलं. सात फुटांचाही रॉड होता. मी दुकानाच्या बाहेर फुटपाथवर उभी राहून टोक जमिनीकडे धरून झटके देऊन बघितले. सातचं टोक घासलं, साडेसहाचं नाही. साडेसहा फुटांचा रॉड, सातची रील आणि नवा बेडूक घेऊन मी बसमध्ये बसले. त्या दिवशी आईने चहाही अर्धा टाकला, असं शेजारणीने सांगितलं.

नव्या रॉडने बेडूक नाचायला लागला. टुक, टुक, थांबायचं, पुन्हा टुक. पाण्यावर त्याच्यामागे छोट्या लाटांचं एक शेपूट उमटायचं आणि विरायचं. पण मासा येईना. पाणी तापलं होतं, मरळ खोल सावलीत बसले होते. ज्येष्ठ लागला. दोनदा जोरात वळवाचा पाऊस पडून गेला. मिलमध्ये बोलणं सुरू झालं की आता वरून पाणी सुटेल. पाणी चढलं की पाळ बुडणार आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमची बोडी कुठे आहे ते सांगतासुद्धा येणार नाही. आई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हती. मी तिला न्हाणीत नेताना तिचं मनगट धरायचे तेव्हा माझं बोट आणि अंगठा तिच्या मनगटाभोवती फिरून एकमेकांवर चढायचे. हे मी बघत होते. मला भीती वाटायला हवी होती. भीती कुठे असते ती जागा मला सापडत नव्हती.

मग एका सकाळी पाळेच्या आतल्या बाजूला, वेलींच्या एका उघड्या जागेत, मला पाणी हलताना दिसलं. भाताला आधण यावं तसं ते बारीक बारीक उडत होतं. थांबायचं, जरा सरकून पुन्हा उडायचं. ते काय आहे ते मला लहानपणापासून माहीत आहे. मरळाची पिल्लं असतात ती, लाल, काडीएवढी, शेकड्यांनी एकत्र फिरणारी, श्वास घ्यायला वर येणारी. त्यांच्या खाली आईबाप असतात, दोघंही. कोणी जवळ आलं की अंगावर येतात.

बाबा पिल्लं दिसली की काठी खांद्यावर टाकून घरी यायचे. "आज सुट्टी," म्हणायचे. पिल्लांवर बेडूक टाकला तर मरळ हमखास मिळतो, भूक असो नसो, हे गरी टाकणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. बाबांनी ते कधी केलं नाही आणि कोणी केलेलं दिसलं तर त्याच्याशी ते बोलत नसत.

मी खूप विचार केला असं लिहायला बरं वाटेल. मी विचार केला नाही. मी बेडूक पिल्लांच्या पलीकडे टाकला आणि त्यांच्यावरून ओढत आणला. पाणी फुटलं. मी सवयीने थांबले, आणि बेडूक आपोआप मोकळा होऊन वर आला. तो खायला आलाच नव्हता. हाकलायला आला होता. नुसता चावून त्याने सोडून दिलं.

ह्या वेळी थांबता आलं असतं. पिल्लं दबली, मग हळूहळू पुन्हा वर आली. मी पुन्हा टाकला. आणि आता पाणी फुटताक्षणी, न थांबता, बाबांनी शिकवलं होतं त्याच्या बरोब्बर उलट, हिसका मारला आणि रील फिरवली. ढिला दोरा एका श्वासात गोळा झाला. मरळ खुंटांकडे वळला, पण आखूड रॉड मी अंगाशी घट्ट धरला होता आणि त्याला वळायला जागा मिळाली नाही. वेलींवरून घसरत, शेवाळ घेऊन, तो माझ्याकडे आला. हातभराहून लांब होता. काळाभोर.

मी त्याला चिखलावर ओढून मान धरली आणि वर बघितलं. पिल्लं तिथेच होती. त्यांच्या बाजूला दुसरा मरळ वर आला, तोंड बाहेर काढून श्वास घेतला, आणि पिल्लांभोवती एक फेरी मारून पुन्हा खाली गेला. मग परत वर आला. मी पिशवी उचलली आणि त्या बाजूला न बघता घरी आले. मला वाईट वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी मला नेमकं काय वाटतं आहे ते सांगता येत होतं.

मिलमध्ये येत नाही म्हणून फोन केला आणि मासा अंगणात पाटावर ठेवला. आई दारात बसली होती. मी हाताला राख लावून त्याला धरायला गेले तर तो दोनदा पाटावरून निसटून मातीत पडला. आईला ते बघवलं नाही. "आन इकडं," म्हणाली. ती भिंत धरून उतरली, मासे चिरायची पावशी पायाखाली घेऊन बसली, आणि तिच्या काटकुळ्या हातांनी त्याला असा धरला की तो हललाही नाही. कातडं उलटंपालटं करून बघितलं. काही बोलली नाही, म्हणजे पसंत पडलं.

तिने पोट चिरलं, दोन बोटं आत घातली आणि थांबली.

"ह्याच्या पोटात काईच नाई," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. मरळाच्या पोटात नेहमी काहीतरी निघतं, झिंगे, बारीक मासळी, बेडकाची तंगडी. ह्याचं पोट धुऊन ठेवल्यासारखं रिकामं होतं. कितीतरी दिवस त्याने काही खाल्लेलं नव्हतं.

"पिल्लावर होता का?" आईने वर न बघता विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालं होतं आणि पकडलीही गेले होते. "हो," मी म्हटलं.

"मंग दुसरा?"

"तिथंच होता. फिरून राहिला होता."

आता ती पावशी बाजूला सारेल आणि आत जाऊन पडेल असं मला वाटलं. बाबांचा नियम मला जितका ठाऊक होता त्याहून जास्त तिला होता. तिने रक्ताचे हात गुडघ्यांवर ठेवले. मग तिने त्याच्या फोडी केल्या, बारीक, सारख्या, जशा ती पूर्वी करायची. मला लसूण सोलायला सांगितला. कैरी जास्त घालू नको म्हणाली. ओट्यापाशी उभं राहणं तिला जमलं नाही, म्हणून ती दारातून सांगत राहिली आणि मी करत राहिले. मधून मधून माझं काम कसं वाईट आहे तेही सांगितलं.

मी दोन ताटं वाढली. ती माझ्या समोर जमिनीवर बसली. भात कालवला, काटे काढले, एक घास घेतला. हळू चावला. दुसरा घेतला. मी माझ्या ताटाला हात न लावता बघत होते.

"पानी कधी चढन तिकडं?" तिने विचारलं.

"आठवड्याभरात चढन म्हनते."

"तवपर्यंत पिल्लं मोठे होतीन का?"

"मले नाई माहीत, माय."

"होतीन," ती म्हणाली. "एक हाये ना. आता त्याले खा लागन. तो उपाशी मेला तं पिल्लाईले कोन पाहीन." आणि माझ्याकडे बघितलं. माझे कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. तिने ते बघितले, माझं भरलेलं ताट बघितलं, मग आपलं रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं. "भात वाढ अजून."

मी ताट घेऊन आत गेले. पातेल्यात भात होता, पळी होती, वाढायचं काहीच अवघड नव्हतं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडायला लागले, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा, तोंडात पदर कोंबून, आणि ते थांबेना. बाहेरून आईने हाक मारली.

"बाई, भात आनून राहिली का नाई?"